प्रोसेसरचा कूलर बदलताना थर्मल पेस्ट किती आणि कशी लावावी? रायझन ५ ५६०० आणि नागपूरचा उन्हाळा

मानेवाडा अल्बम यांचा प्रश्न

नमस्कार. मी मानेवाडा भागात घरूनच लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ संपादनाचे काम करतो. माझ्या संगणकात एएमडीचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर असून त्याच्या खोक्यात आलेला रेथ स्टेल्थ हाच कूलर आजवर बसवलेला आहे. संगणक जोडून साधारण तीन वर्षे झाली आणि या काळात कूलर एकदाही काढलेला नाही. कॅबिनेटमधली धूळ मात्र मी नियमितपणे ब्लोअरने काढतो.

अडचण उन्हाळ्यातली आहे. जानेवारीत खोलीत २१-२२ अंश तापमान असताना मोठा व्हिडिओ रेंडरला (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करायला) लावला, तर प्रोसेसर ७१-७२ अंशांवर स्थिरावत असे. आता मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीतच ३७-३८ अंश असतात, आणि त्याच प्रकारचे काम लावले की आकडा ८८-८९ पर्यंत जातो. कूलरचा पंखा मी बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) कायम पूर्ण वेगावर ठेवलेला आहे, तेव्हा त्याचा वेग दोन्ही वेळी सारखाच आहे. लग्नसराई ऐन भरात असल्यामुळे संगणक दिवसभर बंद ठेवणे मला परवडत नाही.

मी १२० मिलिमीटर पंख्याचा एक टॉवर कूलर (पत्र्यांचा उंच ठोकळा असलेला) विकत आणला आहे आणि तो स्वतः बसवण्याचा विचार आहे. त्याआधी काही गोष्टी जाणकारांकडून समजून घ्यायच्या आहेत. जुनी पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावलेला, उष्णता वाहून नेणारा लेप) वाळल्यामुळेच हे तापमान वाढले असेल का? नवी पेस्ट नेमकी किती घ्यावी आणि ती पसरवून लावावी की नुसता थेंब ठेवावा? नव्या कूलरसोबत पेस्टची छोटी सिरिंज आली आहे, शिवाय कपाटात एक जुनी उघडलेली सिरिंजही पडून आहे, तर यांपैकी कोणती वापरावी? एका दुकानदाराने लिक्विड मेटल लावण्याचा सल्ला दिला, तो मानावा का? आणि शेवटचे असे की, माझा पाण्याचा कूलर शेजारच्या खोलीत असतो. दमट हवेने पेस्ट किंवा मदरबोर्ड खराब होईल या भीतीने मी तो कामाच्या खोलीत आणत नाही. ही भीती कितपत खरी आहे?

बर्डी दुरुस्ती यांचे उत्तर

भाऊ, मी सीताबर्डी भागात संगणक दुरुस्तीचे काम करतो. कूलर बदलणे अवघड नाही, पण तुमच्या प्रोसेसरच्या बाबतीत सर्वांत जपण्याची वेळ पेस्ट लावतानाची नसून जुना कूलर काढतानाची आहे, म्हणून आधी त्याबद्दल सविस्तर लिहितो.

तुमचा प्रोसेसर मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत बसतो तिला एएम४ सॉकेट म्हणतात. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खालच्या बाजूने १३३१ पिना असतात आणि सॉकेटची दांडी बंद केली की सॉकेट फक्त त्या पिनांना धरून ठेवते. इंटेलच्या किंवा नव्या एएम५ सॉकेटमध्ये प्रोसेसरला वरून दाबून ठेवणारी धातूची चौकट असते, तशी इथे काहीच नसते. त्यामुळे पेस्ट घट्ट झालेली असताना कूलर सरळ वर ओढला, तर दांडी बंद असूनही प्रोसेसर कूलरच्या बुडाला चिकटून सॉकेटमधून बाहेर येतो, आणि तो किंचित तिरपा निघाला तरी काठाच्या पिना वाकतात. दुकानात येणाऱ्या एएम४ च्या वाकलेल्या पिना मी पाहतो त्या बहुतेक अशाच घाईतून आलेल्या असतात. रिकाम्या पेन्सिल-पेनाच्या टोकाने त्या सरळ करता येतात, पण एखादी तुटली तर कठीण होऊन बसते.

यावर उपाय सोपा आहे. काढण्याआधी दहा-पंधरा मिनिटे रेंडर लावून प्रोसेसर गरम होऊ द्या, म्हणजे पेस्ट मऊ पडते. मग संगणक रीतसर बंद करा, मागचे बटण बंद करून वायर काढा आणि लगेच कामाला लागा. रेथ स्टेल्थला स्प्रिंग असलेले चार स्क्रू आहेत. ते समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करून ढिले करा. चारही मोकळे झाल्यावर कूलर वर उचलू नका, तर दोन्ही हातांनी धरून जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवा. स्टेल्थ गोल असल्यामुळे तो फिरवायला सोयीचा आहे. पेस्टची पकड सुटली की तो हाताला एकदम हलका लागतो, आणि त्यानंतरच वर घ्या.

आणखी एक गोष्ट अनेकांना ऐनवेळी कळते. स्टेल्थचे चार स्क्रू थेट मदरबोर्डमागच्या पट्टीत बसतात. ते निघाले की पट्टीला धरून ठेवणारे काही उरत नाही आणि कॅबिनेट उभे असेल तर ती मागच्या बाजूला घसरून पडते. म्हणून कॅबिनेटची दोन्ही दारे आधी काढून ठेवा आणि शेवटचे दोन स्क्रू काढताना एक हात पट्टीवर ठेवा. तुमच्या नव्या कूलरला हीच पट्टी लागते की त्याच्यासोबत वेगळी आली आहे, हे माहितीपत्रकात आधी पाहून घ्या. कूलरची उंची तुमच्या कॅबिनेटमध्ये मावते ना आणि पंखा रॅमला अडत नाही ना, तेही स्क्रू हातात घेण्यापूर्वीच तपासलेले बरे.

साफसफाईसाठी ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाईल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्या दुकानांत ते सहज मिळते. हाताला लावायचे सॅनिटायझर वापरू नका, कारण त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि त्याचा थर मागे राहतो. थिनर किंवा पेट्रोल तर अजिबात नको. कापड चष्मा पुसण्याचे चालेल, कारण जुन्या बनियनचे धागे सुटतात आणि नेमके पेस्टमध्ये अडकतात. प्रोसेसर सॉकेटमध्येच असू द्या. अल्कोहोल त्याच्यावर ओतू नका, कापड ओले करून पुसा, काठाकडून मध्याकडे या आणि अक्षरे स्वच्छ दिसू लागली की थांबा.

पेस्टचे प्रमाण म्हणाल, तर तुमच्या प्रोसेसरला मध्यभागी तुरीच्या मोठ्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. मी स्वतः मध्ये एक ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे चार अगदी बारीक ठिपके ठेवतो, म्हणजे कडांपर्यंत ती नक्की पोहोचते. कार्डाने पसरवून लावण्याची गरज नाही. कूलरचा दाब ते काम अधिक चांगले करतो, आणि मध्यातून बाहेरच्या दिशेने पसरणारी पेस्ट हवा आपल्यापुढे ढकलत नेते.

नव्या कूलरच्या बुडावरची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. तिच्यावर सूचना छापलेली असते, तरीही ती तशीच ठेवून बसवलेले कूलर आमच्याकडे येतात. कूलर एकदाच सरळ खाली ठेवा, पुन्हा उचलून पाहू नका, कारण उचलला की आत हवेचे कप्पे तयार होतात आणि पेस्ट पुसून पुन्हा लावावी लागते. स्क्रू समोरासमोर, प्रत्येकी दोन-दोन फेरे देत आवळा. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा आणि पंख्याची हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याच्या दिशेने जाईल असे पाहा.

कपाटातल्या जुन्या सिरिंजबद्दल: तिचे तोंड व्यवस्थित बंद होते आणि दाबल्यावर एकसारखी पेस्ट येते, तर ती वापरायला हरकत नाही. आधी पातळ तेल आणि मागून घट्ट गोळा येत असेल, तर ती टाकून द्या. आपल्याकडचे दोन-तीन उन्हाळे बंद कपाटात काढलेल्या सिरिंजमध्ये तेल वेगळे झालेले मी बरेचदा पाहिले आहे. नवी हाताशी असताना जुनी वापरण्याचे तसेही कारण नाही.

कोराडीकर यांचे उत्तर

वरील उत्तरात कृती उत्तम सांगितली आहे, तेव्हा मी तिच्याविषयी काही बोलत नाही. माझी नोकरी वीजनिर्मितीच्या क्षेत्रात, उष्णता-विनिमयाच्या यंत्रणांवर गेली आहे, म्हणून पेस्ट नेमके काय करते आणि आपल्या आकड्यांवरून काय दिसते, एवढेच लिहितो.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण दिलेल्या आकड्यांतच आहे. जानेवारीत खोली २१-२२ अंश आणि प्रोसेसर ७१-७२, म्हणजे फरक ५० अंशांचा. मे महिन्यात खोली ३७-३८ आणि प्रोसेसर ८८-८९, म्हणजे फरक ५१ अंशांचा. हवेने थंड होणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. ठरावीक वॅटला तो खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो, आणि खोली जितकी तापते तितकाच प्रोसेसरही वर सरकतो. पेस्ट वाळली असती तर हा फरकच वाढून ६०-६५ अंशांवर गेला असता. तो वाढलेला नाही, याचा अर्थ पेस्ट आपले काम करीत आहे आणि पारा चढला आहे तो फक्त नागपूरचा. एक खबरदारी मात्र घ्या. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंशांची आहे आणि तिच्या जवळ गेल्यावर तो स्वतःचा वेग उतरवतो. त्यामुळे तुलना करताना दोन्ही वेळी गिगाहर्ट्‌झ आणि वॅट हे आकडेही पाहावेत. वॅट सारखे असतील तरच हा निष्कर्ष पक्का समजावा.

आता पेस्टबद्दल. प्रोसेसरचे झाकण आणि कूलरचे बूड हे दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतात, आणि बहुधा किंचित बाकदारही असतात. ते एकमेकांवर ठेवले तर प्रत्यक्ष धातूला धातू थोड्याच ठिकाणी टेकतो आणि उरलेल्या जागेत हवा राहते. तांब्याची उष्णतावाहकता दर मीटर-केल्व्हिनला सुमारे ४०० वॅट आहे, तर हवेची अवघी ०.०२६. आपल्या प्रोसेसरच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे १४ चौरस सेंटिमीटर आहे आणि मूळ सेटिंगवर तो जास्तीत जास्त ७६ वॅट वीज घेतो. या सबंध क्षेत्रावर फक्त २० मायक्रॉनचा हवेचा थर आहे असे मानून गणित केले, तर तेवढा थर ओलांडण्यासाठीच ४० अंशांहून अधिक तापमान खर्ची पडते. आता हवेऐवजी ५ वॅट वाहकतेची साधी पेस्ट घ्या आणि थरही ५० मायक्रॉनचा, म्हणजे अडीचपट जाड धरा. आता तोच फरक साधारण अर्ध्या अंशावर येतो.

हे अर्ध्या अंशाचे गणित उष्णता सगळ्या झाकणावर सारखी पसरली आहे असे धरून केलेले आहे. प्रत्यक्षात आपल्या प्रोसेसरमध्ये बहुतेक उष्णता सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एका चिपमधून निघते, आणि ती झाकणाच्या बरोबर मध्यावर नसून एका बाजूला असते. म्हणून खरा आकडा अर्ध्या अंशाऐवजी दोन-तीन अंशांपर्यंत जाऊ शकतो. तरीसुद्धा ५ वॅटची पेस्ट काढून ८ वॅटची लावल्याने होणारा फायदा एखाद-दुसऱ्या अंशाचाच असणार. महागड्या पेस्टच्या वेष्टनावर छापलेला वाहकतेचा आकडा पाहून ती विकत घेण्यापेक्षा, पृष्ठभाग स्वच्छ असणे आणि दाब चारही बाजूंनी सारखा असणे याकडे लक्ष दिलेले कितीतरी अधिक फलदायी आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रमाणाचाही हिशेब करता येतो. ५ मिलिमीटर व्यासाच्या गोळीएवढी पेस्ट १४ चौरस सेंटिमीटरवर पसरली, तर तिचा थर सुमारे ४५ मायक्रॉनचा होतो, म्हणजे वर सांगितलेला दाणा अगदी योग्य मापाचा आहे. जास्त पडली तर जादा पेस्ट दाबाने कडेने बाहेर येते, आणि साध्या पेस्ट वीजवाहक नसल्यामुळे पुसण्याच्या कष्टाखेरीज नुकसान होत नाही. कमी पडली तर मात्र कोरड्या राहिलेल्या भागात हवाच उरते, आणि तो भाग नेमका चिपच्या वर आला तर तापमान चांगलेच वाढते.

लिक्विड मेटल आपल्या कामाचे नाही. त्यात गॅलियमचा मिश्रधातू असतो. गॅलियम ॲल्युमिनियममध्ये शिरून त्याला ठिसूळ करतो, आणि अनेक टॉवर कूलरच्या बुडाशी तांब्याच्या नळ्यांच्या मधोमध ॲल्युमिनियमच उघडे असते. शिवाय ते वीजवाहक असल्याने एक थेंब मदरबोर्डवर ओघळला तरी शॉर्ट सर्किट होऊ शकते. एवढी जोखीम पत्करून ७६ वॅटच्या प्रोसेसरवर हाती लागणार एक-दोन अंश.

पाण्याचा कूलर निःशंकपणे कामाच्या खोलीत आणा. हवेतील बाष्प हवेपेक्षा थंड पृष्ठभागावरच जमते, आणि चालू संगणकात खोलीच्या हवेपेक्षा थंड असे काहीही नसते. पेस्टचे माध्यम बहुधा सिलिकोन तेलाचे असते, त्यावर दमटपणाचा परिणाम होत नाही. खोली ३८ वरून ३१ वर आली, तर प्रोसेसरही सातच अंशांनी खाली येईल, आणि हे सात अंश कोणत्याही पेस्टने मिळणारे नाहीत. फक्त ताट्यांमधून उडणारे तुषार कॅबिनेटवर येणार नाहीत एवढे अंतर ठेवा, कारण आपल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार पंख्याच्या पात्यांवर आणि कूलरच्या पत्र्यांवर बसतात. खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर बाष्प साचून कूलरचा परिणामच कमी होतो. सिमेंटच्या रस्त्यांची बारीक धूळ दमट हवेत पत्र्यांना अधिक चिकटते, म्हणून ब्लोअरचे काम मात्र उन्हाळ्यात जरा लवकर लवकर करावे लागेल.

एक विनाखर्चाचा मार्गही सुचवतो. बायोसमध्ये पीपीटी या नावाची वीजमर्यादा असते. ती ७६ वरून ६० वॅटवर आणली, तर त्याच कूलरवर फरक ५० ऐवजी सुमारे ४० अंशांचा राहील, कारण तो वॅटच्या प्रमाणात बदलतो. रेंडरला थोडा अधिक वेळ लागेल, पण तो वेळ वॅटच्या प्रमाणात वाढणार नाही.

प्रतापनगर गेमर यांचे उत्तर

कोराडीकर काका, तुमचे गणित पटते, पण पेस्टने एखाद-दुसऱ्या अंशाचाच फरक पडतो हे विधान मला सरसकट मान्य नाही. माझ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये मागच्या वर्षी पेस्ट बदलली, तेव्हा त्याच खोलीत, त्याच गेममध्ये तापमान १० अंशांहून अधिक खाली आले. शिवाय काही महिन्यांनी ते पुन्हा वर सरकू लागले, म्हणून मी पेस्टऐवजी फेज चेंज पॅड (गरम झाल्यावर मऊ होऊन पसरणारी पातळ चकती) लावला आणि तेव्हापासून ते स्थिर आहे. तेव्हा प्रश्नकर्त्यांनीही पॅडचा विचार करावा असे मला वाटते. पसरवण्याबाबतही माझे मत वेगळे आहे. लॅपटॉपमध्ये मी नेहमी पातळ थर पसरवूनच लावतो आणि त्यात कधी अडचण आलेली नाही.

कोराडीकर यांचे उत्तर

आपला अनुभव अगदी खरा आहे, आणि त्याचे कारण लॅपटॉपच्या रचनेत आहे. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर झाकण नसते. कूलरचे बूड थेट उघड्या चिपवर बसते. डेस्कटॉपमध्ये १४ चौरस सेंटिमीटरवर पसरणारी उष्णता तिथे दीड-दोन चौरस सेंटिमीटरमधून पार व्हावी लागते. ४५ वॅट आणि दीड चौरस सेंटिमीटर धरा. ५० मायक्रॉनच्या चांगल्या थरात ३ अंश जातात, पण तीच पेस्ट कोरडी पडून वाहकता १ वर आली आणि थर १०० मायक्रॉनचा झाला, तर ३० अंश जातात. म्हणजे पेस्टच्या दर्जाचा आणि वयाचा परिणाम उघड्या चिपवर अनेक पटींनी अधिक जाणवतो.

तापमान पुन्हा वर सरकले त्याचेही कारण हेच. चिप तापली की ती आणि वरचे तांबे वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, निवल्यावर आकुंचन पावतात, आणि या हालचालीत पातळ पेस्ट दर वेळी थोडी थोडी बाहेर ढकलली जाते. हा परिणाम झाकण असलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरवर बराच कमी असतो. त्यामुळे उघड्या चिपवर घट्ट पेस्ट किंवा आपण लावला तसा पॅड, आणि झाकणाच्या प्रोसेसरवर साधी पेस्ट, असा माझा सल्ला राहील. उघड्या चिपवर पसरवून लावण्याच्या आपल्या पद्धतीलाही माझी हरकत नाही, कारण तिथे एक कोपरा जरी कोरडा राहिला तरी ते महागात पडते.

बर्डी दुरुस्ती यांचे उत्तर

पॅडबद्दल एक व्यावहारिक सूचना. चांगले फेज चेंज पॅड साधारण ४५ अंशांना मऊ होऊ लागतात. आपल्याकडे मे महिन्यात भरदुपारी कुरिअरच्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत तेवढे तापमान सहज होते, आणि मग पॅड दोन्ही बाजूंच्या फिल्मला चिकटून फाटतो. असा पॅड आणला की पाकिटासकट थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावा, थंड असतानाच कापावा आणि फिल्म सोलावी. डेस्कटॉपवर तो लावायला माझी मनाई नाही, पण एएम४ वर तो थंड झाल्यावर चांगलाच घट्ट धरतो. पुढे कूलर काढताना प्रोसेसर सोबत निघण्याचा धोका मी आधीच सांगितला आहे, म्हणून या सॉकेटवर मी साधी पेस्टच पसंत करतो.

मानेवाडा अल्बम यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काम रविवारी सकाळी पूर्ण केले, आणि पुढे कोणाला उपयोग व्हावा म्हणून नोंदी देतो.

कोराडीकर काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी वॅट पाहिले. जुन्या कूलरवर मर्यादा ७६ असतानाही प्रोसेसर दुपारी मध्येच ७३-७४ वर उतरत होता, म्हणजे ९० अंशांच्या मर्यादेचा परिणाम थोडा सुरू झालेला होता. त्यानंतर रेंडर लावून प्रोसेसर गरम केला, संगणक बंद केला आणि स्क्रू जोडीजोडीने काढले. मागची पट्टी माझ्या भावाने हाताने धरून ठेवली होती, आणि ती खरोखरच शेवटचा स्क्रू निघताच सुटली. कूलर प्रथम अजिबात फिरेना. थोडा जोर लावून धरल्यावर तो किंचित सरकला आणि मग सहज फिरला. प्रोसेसर जागचा हलला नाही.

जुनी पेस्ट मला वाटले होते तशी वाळून भुकटी झालेली नव्हती. ती राखाडी, मधल्या भागात मऊ आणि कडेला थोडी घट्ट होती, आणि झाकणावर तिचा ठसा चारही बाजूंनी सलग होता. कूलरच्या बुडावर त्याच आकाराचा दुसरा ठसा होता आणि मध्ये कोरडी जागा कुठेही दिसली नाही. आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष असा डोळ्यांनी पाहता आला.

नव्या कूलरसोबत आलेली पेस्टच वापरली, मध्यावर दाणा आणि कोपऱ्यांकडे चार बारीक ठिपके. त्याच दुपारी खोली ३८ असताना तेच काम लावले, तर वॅट ७६ वर स्थिर राहून तापमान ७८ वर थांबले, म्हणजे फरक ४० अंशांचा. संध्याकाळी पाण्याचा कूलर खिडकीजवळ लावून खोली ३१ वर आणली, तेव्हा आकडा ७१ झाला. आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही पेस्ट पुन्हा केव्हा बदलावी? आणि स्टेल्थची हवा मदरबोर्डवर पडत असे, टॉवर कूलरची पडत नाही, याने काही बिघडेल का?

बर्डी दुरुस्ती यांचे उत्तर

भाऊ, काम नीट झाले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग सॉकेटच्या वर आणि डावीकडे असतात आणि स्टेल्थची हवा त्यांच्यावर जात असे, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. ७६ वॅटसाठी त्यांना फार हवा लागत नाही, पण कॅबिनेटचा मागचा पंखा चालू असला पाहिजे. तो नसेल तर १२० मिलिमीटरचा एक साधा पंखा बसवा. टॉवरमधून निघालेली गरम हवा तोच बाहेर काढतो आणि जाता जाता त्या भागांवरूनही हवा खेचतो.

पेस्टला वर्षांची मुदत लावून घेऊ नका. झाकण असलेल्या प्रोसेसरवर चांगली बसलेली पेस्ट चार-पाच वर्षे सहज टिकते आणि दरवर्षी उगाच कूलर उचलण्यात एएम४ ला धोकाच अधिक. आजचे तीन आकडे, म्हणजे खोली ३८, प्रोसेसर ७८ आणि ७६ वॅट, एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढे कधी शंका आली तर आधी पत्र्यांमधली धूळ काढा, मग तेच काम लावून खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक पाहा. तो ४०-४२ असेल तर पेस्टला हात लावू नका; धूळ काढूनही ५० च्या आसपास गेला, तर आधी स्क्रू तपासा आणि मगच सिरिंज उघडा. रेथ स्टेल्थ, त्याचे चार स्क्रू आणि मदरबोर्डवरून काढलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या एकाच पिशवीत जपून ठेवा. टॉवरचा पंखा कधी बंद पडला, तर बदली मिळेपर्यंत ६० वॅटच्या मर्यादेवर तो स्टेल्थ लावून तुमचे काम चालू राहील.